चरईतली ओसरी, दोन पावसाळ्यांनंतर

मागच्या वर्षी गुढीपाडव्याच्या आदल्या रात्री ठाण्यात चरईतल्या आमच्या ओसरीचं काम संपलं. दुसऱ्या दिवशी कौपीनेश्वर मंदिराची स्वागतयात्रा बघून आत्या घरी आली, झोपाळ्यावर बसली आणि म्हणाली, "एवढा खर्च केलात, पण वेगळं काय दिसतंय रे?" मला तर हीच दाद वाटली. ओसरी होती तशीच दिसावी म्हणूनच तीन लाख चाळीस हजार घातले होते. आता सतरा महिने झालेत, श्रावण अर्धा सरलाय. काम ताजं असताना फोटो सगळ्यांचेच छान येतात, म्हणून मुद्दाम थांबून आता लिहितोय.

घर आजोबांचं. तळमजला, वर माडी, लाकडी सांगाडा, मंगलोरी कौलं. ओसरी अठरा फूट लांब, सहा फूट रुंद, सागाचे चार खांब, पुढे कठडा, खाली शहाबादी फरशी. आळीत अशी तीन घरं उरलीत.

काम सुरू झालं ते दोन खांब पोचट वाजायला लागले म्हणून. मेस्त्रींनी पहिल्या दिवशी पिशवीतून पेचकस काढला आणि उजव्या खांबाच्या बुडाशी टेकवला. फार जोरही लावला नव्हता, तरी तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तर टोकाला ओल्या तपकिरीसारखा भुगा. मग दीड फूट वर टोचून पाहिलं, तिथे लाकूड असं की पेचकस उलटा यावा. मेस्त्री म्हणाले, "साहेब, लाकडाला नावं ठेवू नका. त्याचे पाय तुम्ही पाण्यात ठेवलेत."

खरंच होतं ते. जुन्या घरांत खांब दगडी तळखड्यावर उभा असतो, फरशीपासून चार बोटं वर. फरशीवर पाणी आलं तरी ते तळखड्याच्या कडेने निघून जातं. 1994 मध्ये बाबांनी फरशीचे सांधे भरून घेतले, तेव्हा गवंड्याने 'मजबुतीला' म्हणून चारही खांबांच्या बुडाशी सिमेंट ओतून तळखडे गाडून टाकले. उन्हाळ्यात लाकूड आकसतं, सिमेंट जागचं हलत नाही. मधे जी फट पडते तिच्यात पुढचे चार महिने पाणी साचून राहतं. बाबांना हे सांगितलं तर ते दोन दिवस माझ्याशी धड बोलले नाहीत.

एका ठेकेदाराने चारही खांब काढून लोखंडी पाइप लावू, वरून लाकडासारखा पत्रा मारू, असं सुचवलं होतं. स्वस्त होतं, पण नको म्हटलं. मेस्त्रींनी जॅक लावून तुळई तोलून धरली, दोन खांबांचं कुजलेलं बूड कापलं आणि लाकडात पायऱ्यांसारख्या खाचा पाडून खाली जुन्या सागाचे तुकडे जोडले. लाकूड आमच्याच आळीत पाडलेल्या घराचं मिळालं. पन्नास-साठ वर्षं वाळलेलं लाकूड नव्यासारखं पिळवटत नाही. तिसऱ्या खांबाचं फक्त सिमेंट फोडलं, आत तो ठणठणीत निघाला. चौथ्याला हात लावला नाही, कारण त्याच्यावर विजेचा मीटर आहे आणि तो हलवणं म्हणजे वेगळं प्रकरण. हे जोड दोन पावसाळ्यांत केसभरही उघडले नाहीत. झालेल्या सगळ्या कामात पैकीच्या पैकी गुण फक्त यालाच.

आता माझी चूक. पैसे संपत आले म्हणून पन्हळ तशीच ठेवली. चार इंची प्लास्टिकचा अर्धा पाइप, मधे झोळ पडलेला. ठाण्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो काही ठरावीक हप्त्याने पडत नाही. पहिल्याच जुलैत एका दुपारी पन्हळ भरून वाहिली, पाणी थेट कठड्यावर, तिथून उडून नव्या गिलाव्यावर. आठवड्याभरात भिंतीच्या खालच्या फूटभर भागावर हिरवी बुरशी. गणपतीच्या आत सहा इंची जस्ती पत्र्याची पन्हळ बसवली, एका बाजूला नीट उतार देऊन. खर्च अकरा हजार. ती आधी बसवली असती तर पुढे सांगतोय त्यातल्या निम्म्या तक्रारी झाल्याच नसत्या. यंदाच्या पावसात भिंत कोरडी आहे. शेजारच्या बदामाची पानं मात्र दर रविवारी काढावी लागतात.

चुन्याचा गिलावा हा प्रयोग सगळ्यात वादाचा ठरला. आधीच्या सिमेंटच्या गिलाव्याला कायम लोणा, म्हणजे ओलीबरोबर फुटणारा पांढरा क्षार. खरवडा, रंग लावा, दिवाळीपर्यंत पुन्हा पोपडे. जुन्या विटांतली ओल सिमेंटमधून बाहेर पडत नाही, चुन्यातून पडते, एवढं साधं गणित. पण चुन्याचं काम जाणणारा गवंडी मिळायला दोन महिने गेले. कळीचा चुना पिंपात विरवला तेव्हा पाणी खदखदायला लागलं. लहान मुलं असतील तर त्यांना त्या दिवशी मावशीकडे पाठवा, डोळ्यात थेंब गेला तरी भाजतं. चुना महिनाभर भिजत ठेवला, मग वाळू, सुरखी म्हणजे विटांची भुकटी, गुळाचं पाणी आणि तागाचे बारीक तुकडे घालून मळला. सुरखी हवीच. नुसता चुना हवेतला कर्बवायू घेत सावकाश कडक होतो, सुरखीने तो दमट हवेतही धरतो.

पहिला हात फुकट गेला. फेब्रुवारीतलं दुपारचं ऊन थेट भिंतीवर, ओलं गोणपाट टांगायला गवंडी विसरला, तीन दिवसांत जाळीसारख्या भेगा. पुन्हा खरवडून केलं, तेव्हा आईने दिवसातून चार वेळा गोणपाट शिंपडायचं काम अंगावर घेतलं. तो हात आजही शाबूत आहे. लोणा गेला का? ओसरीच्या भिंतीवरून गेला. पण भिंत कोपऱ्यात वळून जिथे आतलं सिमेंट सुरू होतं, अगदी त्या रेषेवर आता पांढरी दाढी फुटलीय. तो कोपराही आता करावा लागणार. चुन्याला पाठ टेकली की सदऱ्याला पांढरं लागतं, ही पाहुण्यांची नेहमीची तक्रार. आमच्या सवयीचं झालंय.

जवसाच्या तेलाबद्दल सगळीकडे फार गोड लिहिलेलं वाचलं होतं. आमच्याकडे त्याने रडवलं. एप्रिलमध्ये उकळलेल्या तेलाचे तीन जाड हात दिले. सागाला काय झळाळी आली! जूनमध्ये कठडा चिकट झाला, जुलैत त्यावर काळे ठिपके. दमट हवेत हे तेल बुरशीचं जेवणच असतं. दसऱ्यानंतर सगळं घासून टर्पेंटाइन मिसळलेले पातळ हात दिले, प्रत्येक हातानंतर जादा तेल फडक्याने पुसून काढलं. यंदा ठिपके कमी आहेत. पश्चिमेकडचा कठडा तरी करडा पडलाच. दर दसऱ्याला एक हात द्यायची तयारी नसेल तर याच्या नादी लागू नका.

आणि ती तेलाची फडकी! मी ती चुरगळून बादलीत टाकली होती. तासाभराने वास आला म्हणून गेलो, तर बादली गरम आणि आतून धूर. जवसाचं तेल वाळताना तापतं, बोळ्यात ती उष्णता कोंडते आणि फडकं आपोआप पेटू शकतं. लाकडी घरात! तेव्हापासून फडकी दोरीवर एकेक पसरून वाळवतो.

कौलांचं थोडक्यात. पंचवीस कौलं बदलायची होती. नवी कौलं जुन्यांच्या खाचेत बसेनात, मापात थोडा फरक पडतो, म्हणून त्या पाडलेल्या घराचीच आणली. आमच्या जुन्या कौलांसारखाच त्यातल्या काहींच्या पाठीवर बासेल मिशनचा शिक्का आणि 1865. बाबा आयुष्यभर सांगत आले की आपलं छप्पर 1865 सालचं आहे. ते साल मिशनच्या मंगळूरच्या कौलांच्या कारखान्याच्या स्थापनेचं, कौलाचं नव्हे. हे मात्र मी त्यांना अजून सांगितलेलं नाही, खांबाचं प्रकरण नुकतंच मिटलंय. सतरा महिन्यांत तीन कौलं फुटली, त्यातलं एक शेजारच्या इमारतीतून पडलेल्या नारळाच्या करवंटीने.

झोपाळ्याच्या कड्या जुन्याच आहेत, करकरतात. आई त्यांना तेल घालू देत नाही. आवाज थांबला की कुणीतरी उठून गेलं, हे तिला स्वयंपाकघरात कळतं.

मेस्त्रींनी जाताना तो पेचकस मला देऊन टाकला होता. महिन्यातून एकदा चारही बुडं टोचून बघायची, असं बजावून. तीन खांबांवर तो नुसता टकटक वाजतो. मीटरवाल्या चौथ्यात गेल्या रविवारी अर्धं बोट आत गेला. मेस्त्रींना फोन केलाय, दिवाळीनंतर येतो म्हणाले.