शेततळ्याच्या नावाखाली पैसे गेले, मुरूम गेला आणि दंडाची नोटीस माझ्याच नावावर आली

नाशिक जिल्ह्यात पुन्हा गावोगाव 'पाणलोट प्रकल्पा'वाले फिरू लागलेत असं ऐकलं, म्हणून हे लिहिते आहे. माझे ६५,१८० रुपये गेले. वर तहसीलकडून २,१६,००० रुपयांची नोटीस आली आहे, ती वेगळी.

सिन्नर, येवला, चांदवड, नांदगाव हा पट्टा किती कोरडा आहे ते इथल्यांना सांगायला नको. इगतपुरीला पाऊस कोसळत असतो तेव्हा आमच्याकडे नुसते ढग पुढे सरकत असतात. याच पट्ट्यातल्या एका गावात माझी तीन एकर जमीन आहे. मिस्टर गेल्यावर सातबारा माझ्या नावावर झाला. मी नाशिकला सिडकोत राहते, नोकरी करते आणि जमीन माझे दीर बघतात. विहिरीचं पाणी फेब्रुवारीतच तळाला जातं. अशा माणसाला कुणी शेततळं देतो म्हणालं, तर तो दारातून हाकलून देईल का?

ते लोक आले तेही नीट तयारी करून. जॅकेट, गळ्यात ओळखपत्र, टॅबवर गावाचा नकाशा. ग्रामपंचायतीच्या आवारात बैठक घेतली, पाणी अडवून सुधारलेल्या हिवरे बाजार गावाचे फोटो दाखवले, जलयुक्त शिवार २.० या सरकारी योजनेचं नाव घेतलं. माझा गट नंबर त्यांना आधीच माहीत होता. सातबारा ऑनलाइन कुणालाही दिसतो हे लक्षात ठेवा, गट नंबर सांगितला म्हणून माणूस सरकारी होत नाही. "ताई, विधवा आणि अल्पभूधारक म्हणून तुम्ही पहिल्या यादीत आहात," असं मला सांगितलं. हेही ऐकायला खरंच वाटतं. गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार योजनेत अशा शेतकऱ्यांना गाळ वाहून नेण्यासाठी घनमीटरला ३५ रुपये ७५ पैसे मिळतात, एकरी १५,००० आणि जास्तीत जास्त अडीच एकराला ३७,५००. ही योजना खरी आहे. त्या खऱ्या आकड्यांच्या आडोशाने त्यांनी स्वतःचे खोटे आकडे पुढे सरकवले.

३४ बाय ३४ बाय ३ मीटरचं तळं, तळ्यात अंथरायचा ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद, तारेचं कुंपण, सगळा खर्च ४,२०,०००. त्यातला ९० टक्के एका कंपनीच्या सीएसआर निधीतून, म्हणजे समाजकामासाठीच्या पैशातून, आणि १० टक्के लोकवर्गणी. नोंदणीचे १,१८० आणि सर्व्हेचे ३,५०० मी फोनवरून पाठवले. लोकवर्गणीचे ४२,००० भरले, त्यातले २२,००० फोनवरून आणि २०,००० रोख, कारण "मशीनच्या डिझेलला आज रोख लागते". काम सुरू झाल्यावर त्या प्लास्टिकच्या कागदाचा जीएसटी म्हणून आणखी १८,५०० घेतले. पैसे जात होते ते खातं संस्थेच्या नावाचं नव्हतं, एका माणसाच्या नावाचं होतं. विचारलं तर म्हणाले, हे प्रकल्प समन्वयकाचं खातं आहे, पावती संस्थेची मिळेल. पावती मिळालीही, शिक्क्यासकट.

आता ती गोष्ट, जी आठवली की अजून झोप उडते.

तळ्याची आखणी त्यांनी आमच्या सखल तुकड्यात केलीच नाही. वरच्या बाजूला, रस्त्यालगतच्या माळावर चुना मारला. दीर तिथल्या तिथे म्हणाले, "वहिनी, पाणी खालनं वर चढंल का?" मी सर्व्हेवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "ताई, पाणलोटाचं काम माथा ते पायथा असतं." हे वाक्य बरोबर आहे, आणि त्यातच तर सगळी लबाडी आहे. पाणी फाउंडेशनच्या स्पर्धांपासून आमच्याकडे शाळेतली पोरंही माथा ते पायथा म्हणतात. पण माथ्यावर करायचे असतात ते सलग समतल चर, साधारण दोन फूट रुंद आणि एक फूट खोल, म्हणजे पाणी जिथे पडलं तिथेच मुरतं. पावसाचं वाहतं पाणी धरायचं तळं माथ्यावर घेत नाहीत. तो पुढे म्हणाला की असं कागद अंथरलेलं, म्हणजे अस्तरीकरणाचं तळं विहिरीवरून भरायचं असतं, उंचावर असलं की ठिबकला मोटर लागत नाही. द्राक्षवाल्यांची अशी तळी मी निफाडकडे डोळ्यांनी पाहिली आहेत. मग मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार होते?

खोदाई सुरू झाली ती संध्याकाळी. रात्री दिरांचा फोन आला, "वहिनी, मुरूम गाडीत भरून चाललेत. काठ कशाचा करणार?" शेततळ्याची निघालेली माती काठावरच टाकतात, तिचाच दाबून भराव करतात आणि त्यावर कागद अडकवतात. एवढं आमच्याकडे कुणालाही कळतं. मी लगेच त्या सर्व्हेवाल्याला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, मुरूम कागदाला टोचतो, कागद फाटला तर जबाबदारी आमची. मुरूम बाजूला काढून उद्या काळी माती आणतो." टोकदार मुरमाने कागद फाटतो हेही खरं आहे! प्रत्येक वेळी अर्धं उत्तर खरं. रात्री साडेदहा वाजता सिडकोतल्या घरात बसून मी मुरमाची हायवा गाडी कशी अडवणार होते? दीर एकटे, समोर सात-आठ माणसं आणि खोदाईचं पोकलेन मशीन.

सकाळी माळावर खड्डा होता, बाकी काही नव्हतं. काळी माती आली नाही, कागद आला नाही, फोन बंद. सरकारी पंचनाम्यात ७२ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) मुरूम भरला. त्यांना तळं करायचंच नव्हतं. त्यांना रस्त्याकडेचा चांगला मुरूम हवा होता, आणि तो काढायची मजुरीसुद्धा माझ्याकडूनच घेतली.

पंचनाम्याला मात्र सगळे वेळेवर आले. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ४८(७) आहे, विनापरवाना गौण खनिज, म्हणजे मुरूम-माती वगैरे, काढलं तर बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड. मुरूम नेणारे सापडत नाहीत, मग सातबाऱ्यावर जिचं नाव तिला नोटीस. मी म्हटलं, चोरी माझी झाली आहे. तर तहसीलवाल्यांनी पाचशेच्या स्टॅम्पवरचा, त्या टोळीने माझी सही घेतलेला करारनामा माझ्यापुढे सरकवला. त्यात आठव्या कलमात लिहिलं आहे, "उत्खननातून निघणारे साहित्य जमीनमालकाच्या संमतीने हलवण्यात येईल." म्हणजे मी संमती दिली, म्हणून मीच दोषी! करारात निघालेला मुरूम किंवा माती 'हलवण्या'चा एक शब्द जरी दिसला तरी सही करू नका. लिहून घ्या की निघालेलं सगळं शेतातच राहील.

पोलिसांचं काय सांगू. जमीन ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत आणि मी राहते शहर आयुक्तालयाच्या हद्दीत. शहरातले म्हणतात, घटना तिकडची. तिकडचे म्हणतात, पैसे तुम्ही सिडकोतून पाठवले, तिकडे जा. एका साहेबांनी तर सांगून टाकलं, "बाई, करार आहे, काम अर्धवट राहिलं, हा दिवाणी वाद आहे." एका रात्रीत मुरूम नेऊन पळालेल्यांचा दिवाणी वाद! १ जुलै २०२४ पासून नवीन फौजदारी कायदे लागू आहेत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती कुठल्याही ठाण्यात द्यायचा हक्क आहे, आणि फसवणूक भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ मध्ये येते. हे मला एका वकील मैत्रिणीने सांगितलं, ठाण्यात कुणी सांगितलं नाही. तिने अर्ज लिहून दिला, त्यावर आवक नंबर घेतला, तेव्हा कुठे कागद हलला. तोंडी बोलून परत येऊ नका, पोच घेतल्याशिवाय टेबल सोडू नका.

कृषी खात्याच्या तालुक्याच्या कार्यालयात म्हणाले, ही आमची योजना नाही, आमचा संबंध नाही. अहो, तुमच्या योजनांची नावं घेऊन गावाच्या चावडीवर लोक बैठका घेतात, ती बैठक तुमच्या माणसाला दिसते, आणि तो विचारत नाही की तुम्ही कोण? एक फलक लावला असता तरी पुरलं असतं. बँकेत सांगितलं, पिन तुम्हीच टाकला, आम्ही काय करणार. ऑनलाइन गेलेल्या पैशांसाठी १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच, त्याच तासाला फोन करायचा असतो. मी चार दिवस कागद येईल म्हणून वाट बघत बसले, तोवर त्या खात्यातून पैसे पुढे गेले होते. रोख दिलेल्या २०,००० चा तर काही मागच नाही.

खरी पद्धत अशी आहे. वैयक्तिक शेततळ्याचा अर्ज महाडीबीटी या सरकारी वेबसाइटवर होतो, फी २३ रुपये ६० पैसे. निवड झाल्यावर पूर्वसंमती मिळते, तिच्याआधी एक फावडंही मारायचं नसतं. खोदाई आपण करायची, मग मोका तपासणी, म्हणजे जागेवर येऊन पाहणी, होते आणि अनुदान आधारला जोडलेल्या आपल्या खात्यात येतं, आकारमानाप्रमाणे, जास्तीत जास्त ७५,०००. पैसा सरकारकडून आपल्याकडे येतो. आपल्याकडून कुणा समन्वयकाच्या खात्यात जात नाही. कुणी खऱ्या संस्थेचं नाव सांगितलं तर तिच्या कार्यालयात स्वतः जाऊन विचारा, त्यांनी दिलेल्या नंबरवर नको. आणि आखणी झाली की गावातल्या जुन्या माणसाला उभं करून विचारा, पावसात पाणी कुठून येतं. माझ्या दिरांना ते पहिल्याच दिवशी कळलं होतं.

नोटिशीवर माझं लेखी उत्तर गेलं आहे, सुनावणी व्हायची आहे. पांढरी बोलेरो, मागच्या काचेवर पाण्याच्या थेंबाचं चित्र, बोलणारा मुख्य माणूस चाळिशीचा, डाव्या हातात स्टीलचं कडं. येवला, चांदवड, नांदगावकडे हीच टोळी कुणाकडे आली असेल, पैसे घेतले असतील किंवा रात्रीत मुरूम उचलला असेल, तर तुमच्या ठाण्यात लेखी तक्रार द्या आणि पोच जपून ठेवा. तक्रारदार दोन झाले की याला दिवाणी वाद म्हणता येणार नाही.