चरबी नव्हतीच, 88,000 मात्र गेले

नागपुरात धरमपेठेतल्या एका 'कॉस्मेटिक सेंटर'ला मी 88,000 रुपये मोजले. टोकन 5,000, चरबी वितळवायच्या इंजेक्शनांचे 48,000, धागे घालून हनुवटी उचलायचे 35,000. हनुवटी होती तिथेच आहे. लिहायला लाज वाटते, पण तिथे अजूनही बायका नंबर लावून बसतात.

खालचे दात काढल्यापासून माझी हनुवटी उतरत गेली. हसले की आणखी लोंबायची, खाली आडवी घडी पडायची. पांढऱ्या कोटवाल्याने समोरून एक नजर टाकली आणि 'डबल चिन', म्हणजे हनुवटीखाली चरबी, म्हणून मोकळा झाला. बाजूने पाहिलं नाही, हसायला लावलं नाही, बोटाने चाचपलं नाही, एक्स-रे तर दूरच. तिथेच उठायला हवं होतं! पण भिंतभर सर्टिफिकिटं टांगलेली. कोण वाचत बसतं? आणि ते फोटो! आधीचा मान खाली घालायला लावून, नंतरचा मान वर करून, खिडकीच्या उजेडात. 'बघा मॅडम, फरक.' मला दिसलाही! फोटो काढताना मान कोणत्या कोनात आहे ते बघत जा.

पुढे धंतोलीतल्या प्लास्टिक सर्जनने आधी हसायलाच लावलं. दात गेले की जबड्याचं हाड झिजतं, हनुवटी धरून ठेवणाऱ्या स्नायूची पकड सुटते, मांस हाडाच्या कडेखाली घसरतं. ओठाच्या आतून किंवा हनुवटीखालून चीर देऊन स्नायू परत हाडाला बांधायचा, जास्तीचं मांस काढायचं, हा त्यावरचा इलाज. चरबीच्या इंजेक्शनाने स्नायू वर चढत नसतो.

पोलिसांत गेले तर, 'पैसे तुम्हीच दिले ना? काहून दिले मग?' हे म्हणे सिव्हिल मॅटर. डॉक्टरांची नोंदणी ठेवणारं ऑफिस म्हणतं, हा माणूस आमच्या रजिस्टरवरच नाही, कारवाई कोणावर करणार? अहो, नाही म्हणूनच तर आले ना! ग्राहक आयोगासाठी वकील तज्ज्ञाचं लेखी मत मागतो, आणि तोंडी सगळे डॉक्टर सांगतात, कागदावर सही कोणी करत नाही. माझ्या बिलावर 'ब्यूटी सर्व्हिस' लिहिलंय, डॉक्टरचा नोंदणी क्रमांक नाही. तो नसेल तर एक रुपया देऊ नका. प्लास्टिक सर्जन म्हणवणाऱ्याला प्लास्टिक सर्जरीची पदवी कोणती, एम.सीएच. की डी.एन.बी. (आता तिला डी.आर.एन.बी. म्हणतात), तोंडावर विचारा. 'आजच भरा, उद्या ऑफर संपते' म्हणाले की चप्पल घाला.

पैसे भरून बसला असाल तर राहिलेली सिटिंग घेऊ नका. आधी फाइल आणि फोटो ताब्यात घ्या. माझी फाइल आता 'सापडत नाही'.