अब्दुल रहमान स्ट्रीट ते मंगलदास मार्केट: वह्या बांधून पोट भरणाऱ्या बाईचा रिव्ह्यू

मी हाताने वह्या बांधते आणि विकते. घर त्यावरच चालतं. लालबागच्या खोलीत एक टेबल, वह्या दाबायचा एक शिकंजा आणि भिंतीला फळ्या, एवढाच माझा कारखाना. क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या या गल्ल्यांबद्दल हौसेने क्राफ्ट करणाऱ्यांनी पुष्कळ लिहिलंय. मी लिहितेय ते इथे घातलेला रुपया परत कमवायचा असतो अशा माणसासाठी.

मस्जिद स्टेशनला पश्चिमेला उतरायचं. आधी नागदेवी स्ट्रीट लागते. ती हत्यारांची गल्ली. दाभण, गुण्या, स्टीलची पट्टी, क्लॅम्प, कटरची पाती सगळं मिळतं. पट्टी घेताना कडेवर नख फिरवून बघा, बास. इथे जास्त वेळ घालवू नका.

खरा वेळ द्यायचा तो अब्दुल रहमान स्ट्रीटला. क्रॉफर्ड मार्केटपासून पायधुनीपर्यंत जाणारा हा रस्ता म्हणजे स्टेशनरी, कागद आणि पॅकिंगचं सामान. माझा कागद डबल डेमी, म्हणजे 23 बाय 36 इंची. एका तावातून, म्हणजे अशा एका अखंड मोठ्या कागदातून, डेमी अष्टमांशाची, म्हणजे साध्या पुस्तकाच्या आकाराची, 16 पानं निघतात (दोन्ही बाजू मिळून एक पान). माझ्या वहीला 64 पानं लागतात, म्हणजे चार ताव. 500 तावांच्या एका रिमात सव्वाशे वह्या. 100 जीएसएमचं (एका चौरस मीटर कागदाचं वजन 100 ग्रॅम) असं रीम साधारण 27 किलो भरतं, तेव्हा हमाल किंवा टॅक्सीचे पैसे पहिल्या दिवसापासून वहीच्या किमतीत धरा. माझ्या ओळखीच्या कितीतरी मुली ते धरत नाहीत आणि मग महिनाअखेरीला हिशोब का जुळत नाही म्हणून विचारतात.

कागद ऑनलाइनही मिळतो, कधीकधी स्वस्त मिळतो. तरी मी इथेच घेते, कारण कागदाचा ग्रेन. कारखान्यात कागद ज्या दिशेने धावतो त्या दिशेने त्याचे तंतू लागतात. दमट हवेत तंतू आडवे फुगतात, लांबीला जवळजवळ नाहीत. म्हणून पानं, पुठ्ठा आणि कापड तिन्हींचा ग्रेन वहीच्या कण्याला, म्हणजे शिवणीच्या बाजूला, समांतर हवा. नसला की मुंबईच्या जुलैत कव्हर होडीसारखं वाकतं आणि गिऱ्हाईक फोटो पाठवतं. माझ्या मापाला ग्रेन 36 इंची बाजूने लागतो. ताव हातात घेऊन दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवला की लगेच कळतं: ज्या घडीवर सहज वळतो त्या घडीच्या रेषेत ग्रेन. ऑनलाइन पानावर ही माहिती मला क्वचितच दिसली आहे. इथला शेठ स्वतः ताव काढून देतो, "बघा ताई, वाकवून बघा" म्हणतो.

सोबत शाईचं पेन न्या. नमुन्याच्या तावावर दोन ओळी लिहा, मग ताव उलटा करा. शाई पसरली किंवा मागे उतरली तर तो कागद कितीही स्वस्त असला तरी सोडा. वही बांधायला माझे जे तास जातात ते चांगल्या कागदालाही तेवढेच आणि वाईटालाही तेवढेच. कागदावर घासाघीस करू नये असं माझं ठाम मत आहे. करायची तर खोक्यांवर आणि रिबिनींवर करा.

या गल्लीची माझ्या लेखी सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे कटिंगवाले. कागद कापायचं मोठं मशीन मी घेऊ शकत नाही, ठेवायला जागाही नाही. इथे रीम दिलं, माप सांगितलं, की कडा एकसारख्या कापून मिळतात. भांडवल नसलेल्या माणसाला धंदा उभा करता येतो तो असा. मशीन बाजाराचं, हात आपले. लग्नाच्या हंगामात पत्रिकांची गर्दी असते, तेव्हा थांबावं लागतं. दिवाळीच्या ऑर्डरींचा कागद म्हणून मी गणपतीआधीच कापून घेते.

मग शेख मेमन स्ट्रीटकडे वळून मंगलदास मार्केट. आतल्या अरुंद वाटांत कापडाची दुकानं एकमेकांना खेटून आहेत. मी खण आणि सुती इकत घेते. मीटरवर देणारी दुकानं आहेत, हे छोट्या कारागिराला फार मोलाचं. ओला पांढरा रुमाल घेऊन कापडावर घासा. रंग लागला तर खळ लावल्यावरही उतरणार. कापडाला आधी मागून पातळ कागद चिकटवा, नाहीतर खळ आरपार येते. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. मोरचूद विषारी असतं, भांडं वेगळं ठेवा.

उणीव सांगायलाच हवी. एक रंग संपला की तोच पुन्हा मिळेल याची खात्री नाही. 40 वह्यांची ऑर्डर असेल तर कापड एकदम उचला. पक्कं बिल मागितल्याशिवाय काही दुकानांत मिळत नाही. मागाच, कारण माल बदलायला आणि बँकेत उभं राहायला तोच कागद उपयोगी पडतो. माझ्यासारख्या राज्यातल्या राज्यात माल विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण मग बिलावरचा कर परतही मिळत नाही, तो खर्चातच धरायचा. बायकांसाठी धड स्वच्छतागृह सापडणं अवघड आहे. इतक्या बायका जिथे रोज पैसे खर्च करतात तिथे हे असू नये, आणि याचा मला मनापासून राग येतो.

रविवारी बहुतेक बंद असतं. सकाळी अकराच्या सुमारास जा, तेव्हा दुकानदाराकडे ताव उलगडून दाखवायला वेळ असतो. पश्चिम रेल्वेवरून येणाऱ्यांना मरीन लाइन्स बरं, आणि आता मेट्रो 3 चं काळबादेवी स्टेशनही आहे. पण 27 किलोचं रीम घेऊन जिने चढायचा विचार करू नका, परतीला टॅक्सीच करा.