बूटलोडर उघडायचा का? जुना पोको एफ१ आणि पिक्सेल ८ शेजारी ठेवून

बूटलोडर म्हणजे फोन सुरू करणारा छोटा प्रोग्राम. कंपनीबाहेरची सिस्टीम टाकता यावी म्हणून तो अनलॉक करावा का, म्हणजे उघडावा का, असं कुणी विचारलं की मी आधी उलट विचारते: उघडल्यावर तो पुन्हा बंद करता येईल का? माझा सल्ला या उत्तरावरच ठरतो.

फोन चालू होताना बूटलोडर आधी सिस्टीमची डिजिटल सही तपासतो. समोरची सिस्टीम कंपनीची आहे का, त्यात कुणी हात घातलाय का, हे पाहूनच तो पुढे जातो. अनलॉक केलं की ही तपासणी सैल होते. तुमचे फोटो लगेच उघडे पडतात असं मात्र नाही. डेटा एन्क्रिप्टेडच, म्हणजे सांकेतिक रूपातच, राहतो, आणि अनलॉक करतानाच फोन सगळा डेटा पुसून टाकतो, म्हणजे चोराने नंतर अनलॉक केलं तरी त्याच्या हाती काही लागू नये. धोका पुढचा आहे. आधीच अनलॉक असलेला फोन तासभर दुसऱ्याच्या हाती गेला, तर त्याला सिस्टीम बदलून फोन जागेवर ठेवता येतो. मग तुम्ही नेहमीसारखा पिन टाकता आणि तो पिन त्याच्याकडे जातो. सुरू होताना इशारा दिसतो, पण तो तुम्हाला रोजच दिसत असल्याने काही बदललंय हे कळत नाही.

आता पोको एफ१. २०१८ चा हा फोन कंपनीने अँड्रॉइड १० वर सोडून दिला. तो तसाच वापरायचा म्हणजे वर्षानुवर्षांची माहीत झालेली भोकं उघडी ठेवायची. लिनिएजओएस, म्हणजे स्वयंसेवकांनी बनवलेलं अँड्रॉइड, टाकलं की अँड्रॉइड नवं मिळतं आणि त्याचे सुरक्षा पॅचही मिळतात. पण मोडेम (नेटवर्कशी जोडणारा भाग) आणि चिपचं फर्मवेअर, म्हणजे त्यांच्या आतलं सॉफ्टवेअर, जुनंच राहतं, ते कंपनीशिवाय कुणी दुरुस्त करू शकत नाही. आणि बूटलोडर उघडाच ठेवावा लागतो. अशा फोनवर लिनिएजओएस टाकून लॉक करायला गेलात, तर फोन सुरूच न होण्याची भीती असते. तरीही गाणी, वाचन, घरातला जादा फोन यासाठी मी तो नक्की अनलॉक करेन. चांगला चालणारा फोन ई-कचऱ्यात जाताना बघवत नाही.

पिक्सेल ८ चं गणित वेगळं आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या या फोनला गूगलने सात वर्षांचे अपडेट जाहीर केले आहेत, त्यामुळे सुरक्षेसाठी अनलॉक करायची गरजच नाही. गूगलची पकड सैल करायची असेल तर ग्राफीनओएस आहे, सुरक्षेवर भर देणारी अँड्रॉइडवर आधारित सिस्टीम. त्यात अनलॉक करून सिस्टीम टाकायची, आणि मग ग्राफीनओएसच्या डिजिटल किल्लीने बूटलोडर पुन्हा लॉक करायचा. सहीची तपासणी परत सुरू होते. माझ्या मते रोजच्या फोनसाठी हाच एक अनलॉक सुरक्षेच्या बाजूने समर्थनीय आहे. वर रूट मात्र करू नका, म्हणजे सिस्टीमवर पूर्ण ताबा देणारी परवानगी उघडू नका. केलेली सगळी मेहनत वाया जाते.

आपल्याकडे खरी अडचण येते ती यूपीआय आणि बँकेच्या ॲपची. फोन विश्वासार्ह आहे का हे ॲपला सांगणाऱ्या गूगलच्या प्ले इंटिग्रिटी तपासणीत उघडा फोन नापास होतो, आणि ती तपासणी मागणारी ॲप उघडतच नाहीत. लॉक केलेल्या ग्राफीनओएसवर पुष्कळ बँक ॲप चालतात, पण सगळी नाहीत. एखादं आज चालणारं ॲप पुढच्या अपडेटला बंद पडू शकतं. भाजीवाल्यापासून वीजबिलापर्यंत सगळं फोनवर असेल तर ही रोजची काळजी होते. उघड्या फोनवर नेटफ्लिक्ससारखी ॲप बऱ्याचदा कमी रिझोल्यूशनवर येतात, पण ते सोसता येतं.

सॅमसंगवाल्यांनी जास्त सावध राहावं. अनलॉक करून बाहेरची सिस्टीम टाकली की नॉक्सचा, म्हणजे सॅमसंगच्या सुरक्षा यंत्रणेचा, फ्यूज कायमचा उडतो. नंतर मूळ सॉफ्टवेअर परत टाकलं तरी सिक्युअर फोल्डर, म्हणजे खासगी फाइल-ॲपचा कुलूपबंद कप्पा, मिळत नाही.

म्हणून पैशाचे व्यवहार ज्या फोनवर आहेत आणि ज्याला अजून अपडेट येतात, त्याचा बूटलोडर लॉकच ठेवा. ग्राफीनओएस हवंच असेल तर पिक्सेल मोबाईल कंपनीच्या करारातला नाही ना, हे घेतानाच पाहा, विशेषतः अमेरिकेतून कुणी पाठवत असेल तर. व्हेरायझन या तिथल्या मोबाईल कंपनीने विकलेल्या पिक्सेलवर बूटलोडर उघडायला लागणारा ‘ओईएम अनलॉकिंग’ हा सेटिंगमधला पर्याय चालूच करता येत नाही.