बॉनेट गरम होतं

डिसेंबर 2023, सकाळचे साडेसात. जुनी गाडी बघायला जळगावहून अंधारातच निघालो होतो. पारोळ्याला चहा घेतला तेव्हा बोटं गार पडलेली. धुळ्यात ती विकणाऱ्या माणसाच्या दारात पोचलो तर गाडी गेटबाहेर काढून, पुसून उभी. सहज बॉनेटवर हात टेकवला. हात शेकून निघाला. मला वाटलं, काय माणूस आहे, आपण येणार म्हणून गाडी तयार ठेवली!

तिथूनच परत फिरलो असतो तर आज पाचेक लाख वाचले असते.

गाडी 2011 ची. एका युरोपियन कंपनीची स्पोर्ट्स सेडान, 1.8 लिटर टर्बो पेट्रोल, सहा गिअरची मॅन्युअल, मूळ ताकद 160 पीएस (हॉर्सपॉवरच समजा). कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण माझं भांडण कंपनीशी नाही. विकणाऱ्याने तिचं बरंच काही केलं होतं. रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून ताकद वाढवणं), मोठा डाउनपाइप (टर्बोमागचा धुराचा पाइप), धूर साफ करणारा कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढलेला, खाली बसवलेलं सस्पेन्शन, काळी अलॉय चाकं आणि वरून निळं मॅट रॅप, म्हणजे रंगावर चिकटवलेली फिल्म. '210 पीएस आहे भाऊ, डायनो शीट दाखवतो' असं म्हणाला. ती शीट, म्हणजे मशीनवर ताकद मोजल्याचा कागद, मात्र शेवटपर्यंत दिसली नाही. मीटरवर 83 हजार. सांगितले 5 लाख 40 हजार, ठरले 4 लाख 85 हजार.

माझं शेतीपंप आणि पाइपचं दुकान आहे. गाड्यांतलं अगदीच कळत नाही असं नाही, आणि तेच नडलं. ज्याला काहीच कळत नाही तो मेस्त्री सोबत नेतो. मी स्वतःच्या जोरावर गेलो.

अमळनेरचा मावसभाऊ ट्रॅक्टरचे डिझेल पंप उघडतो. त्याला फोटो पाठवले होते. त्याचं एवढंच म्हणणं, 'भाऊ, रविवारले मी येस. सकायले थंडी गाडी चालू करी दखू, मंग ठरावू.' आणि मीटरचा फोटो पाहून पुढचं वाक्य, 'हाई गाडी तुन्हा कामनी नही.' पण विकणाऱ्याचा शुक्रवारी रात्री फोन आला की सुरतची पार्टी उद्या अकरा वाजता टोकन घेऊन येतेय. सुरतची ती पार्टी मी अजून शोधतोय.

आता हा माणूस फसवत कसा होता ते नीट सांगतो, कारण त्याची पद्धत मला फार उशिरा कळली. त्याने गाडीचे दोष आपणहून सांगितले. डाव्या मडगार्डला ओरखडा गेलाय, रॅपखाली टचअप आहे. एसीला गॅस भरावा लागेल. मागचे दोन टायर यंदा बदला. मी मनात म्हटलं, एवढं खरं बोलणारा माणूस लपवेल काय? सगळं मिळून पंधरा-वीस हजारांचे दोष, आणि त्यांच्या आडोशाला तीन लाखांचे. मी ओरखड्यावर घासाघीस करत बसलो आणि तेवढ्यापायी आणखी पाच हजार कमी करून घेतल्याचा आनंद मानला.

दुसरी गोष्ट मॉडिफिकेशनची. वापरलेल्या गाडीचं वय मीटर सांगत नाही, ते रबर आणि चामडं सांगतं. क्लचच्या पेडलचं रबर एका बाजूने झिजतं, स्टिअरिंग घड्याळातल्या दहा-दोनच्या जागी, जिथे हात असतात तिथे, गुळगुळीत होतं, ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बसते. इथे पेडलवर नवे ॲल्युमिनियमचे पत्रे, स्टिअरिंगला लाल शिवणीचं नवं चामडं, सीटला नवी कव्हरं, गिअरचा गोळाही नवा. हौशी माणूस म्हणून मी कौतुक केलं. 83 हजार चाललेल्या गाडीचं स्टिअरिंग पुन्हा मढवायची गरज का पडली, हा प्रश्न मला पडला नाही. रॅपचंही तसंच. रंगाखालचा रंग पाहायला जागाच उरत नाही. आरसीवर रंग पांढरा आणि समोर निळी गाडी, हेही मी हसण्यावारी नेलं.

जे काही खटकलं त्याला उत्तर एकच मिळायचं, 'मॉडिफाय आहे ना भाऊ.' आयडलला, म्हणजे उभ्या गाडीत इंजिन चालू असताना, किंचित थरथर? मॅपमुळे. पेट्रोलचा वास? कॅट नाही म्हणून. डिकीत इंजिन ऑइलचा उघडलेला डबा? टर्बो गाडी थोडं ऑइल घेतेच, लांब जाताना जवळ ठेवायचं. डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा नव्हता, याचा मला केवढा दिलासा! रिमॅप करताना हा दिवा पेटवणाऱ्या एरर सॉफ्टवेअरमधून बंद करता येतात. कॅट काढल्यावर मागचा ऑक्सिजन सेन्सर बोंब मारतो, म्हणून बऱ्याच गाड्यांत हे केलेलंच असतं. किल्ली फिरवल्यावर तो दिवा आधी पेटून मग विझतो की मुळात पेटतच नाही, ते बघायला हवं होतं. माझ्या गाडीत पेटतच नव्हता.

चाचणीला मुकटीपर्यंत नेली. खरं सांगू? दुसऱ्या गिअरला पाय दाबला आणि पाठ सीटला चिकटली, तिथे माझा निर्णय झाला. त्यानंतरचं सगळं बोलणं म्हणजे लग्न ठरल्यावर पत्रिका पाहणं.

कागद झाले. फॉर्म 29, फॉर्म 30, शंभराच्या स्टॅम्पवर करारनामा. करारनाम्यातलं एक वाक्य मी वाचलं आणि सोडून दिलं, 'खरेदीदाराने वाहन पाहून व तपासून आहे त्या स्थितीत घेतले आहे.' किलोमीटरचा आकडा कुठेच नव्हता. इन्शुरन्सच्या पॉलिसीवर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, शून्य होता. तो म्हणाला होता तीन वर्षांत एकही क्लेम नाही. फुल इन्शुरन्स असेल तर क्लेमविना पहिलं वर्ष गेलं की बोनस 20 टक्क्यांपासून सुरू होतो आणि पाच वर्षांत 50 पर्यंत जातो. म्हणजे तो शून्यच सगळं सांगत होता. तो कागद माझ्या हातात होता हो.

पहिल्या आठवड्यातच कळायला लागलं. सकाळी थंड इंजिन सुरू केलं की पहिले दोन-तीन सेकंद डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज, मग सगळं शांत. त्या दिवशी बॉनेट गरम का होतं, ते इथे उलगडलं. हा आवाज टायमिंग चेनचा, म्हणजे पिस्टनच्या तालावर व्हॉल्व्ह उघडमीट करवणाऱ्या साखळीचा. चेन ताणून धरणारा टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. गाडी रात्रभर उभी राहिली की दाब उतरतो, आणि टेन्शनर थकलेला असला की चेन ढिली वाजते. गरम इंजिनात ते ऐकू येत नाही. त्यात याने जाड ऑइल भरलेलं, त्यामुळे धूरही दबला आणि आवाजही. मी ऑइल बदललं आणि हजार किलोमीटरला जवळपास लिटरभर ऑइल गायब व्हायला लागलं. त्याला फोन केला तर, 'तुम्ही ऑइल चुकीचं टाकलं.' नंतर फोन उचलणं बंद.

सप्टेंबर 2024 मध्ये संभाजीनगरला निघालो होतो. चाळीसगाव सोडून कन्नड घाटात मक्याचं कणीस खायला थांबलो. गाडीचं तोंड चढाकडे. हँडब्रेक ढिला होता म्हणून पहिल्या गिअरमध्ये ठेवली. उभी करताना वीतभर मागे सरकली, एवढंच. कणीस खाऊन किल्ली फिरवली. खडखड, एक मोठा ठोका आणि बंद. कणीसवाल्या मावशी म्हणाल्या, 'दादा, काहीतरी तुटलं वाटतं आत.' अगदी बरोबर ओळखलं. गिअरमध्ये असलेली गाडी मागे सरकली की इंजिन उलटं फिरतं. टेन्शनर धड असेल तर काही होत नाही. इथे चेन दात सोडून सरकली आणि व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटले.

टोचन करून जळगावला आणली. मेस्त्रीने हेड उतरवलं, सोळापैकी सहा व्हॉल्व्ह वाकलेले. एक त्याने माझ्या तळहातावर ठेवला. आगपेटीच्या काडीसारखा मुडपलेला, टोकाला काजळीचा जाड थर. मग लॅपटॉप लावला. मीटर मागे करणाऱ्याने फक्त डॅशबोर्डचा आकडा बदलला होता. ब्रेकच्या एबीएस युनिटमध्ये जुन्या एररसोबत त्या वेळचे किलोमीटर पडून होते, 1 लाख 71 हजार. एवढं बघायला मेस्त्री पाचशे रुपये घेतो. अधिकृत सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर देऊन विचारलं असतं तर कदाचित फुकटात कळलं असतं.

इंजिनाला 2 लाख 60 हजार गेले. आधीचे ई-चलनाचे साडेआठ हजार मीच भरले. गाडी नंबर आणि चेसिसचे शेवटचे चार आकडे टाकले की चलनं दिसतात, पण मी बघितली नव्हती. पोलीस म्हणाले हा दिवाणी मामला दिसतो, आणि करारनाम्यातल्या त्याच वाक्यावर बोट ठेवलं. वकिलांनी विचारलं, मीटरबद्दल तो लेखी काही बोललाय का? माझ्याकडे मीटरचा एक फोटो होता, आणि जाहिरात त्याने कधीच काढून टाकली होती. मी नाद सोडला. तुम्ही निदान करारनाम्यात किलोमीटरचा आकडा लिहून त्याची सही घ्या.

आता पुढचं दुखणं. डिसेंबर 2026 ला गाडीला पंधरा वर्षं होतात. पुन्हा नोंदणी करायची तर आरटीओसमोर गाडी उभी करावी लागते. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कंपनीच्या मूळ तपशिलात परस्पर फेरफार करू देत नाही. सुप्रीम कोर्टानेही जानेवारी 2019 मध्ये हेच म्हटलंय. म्हणजे मूळ सायलेन्सर, कॅट, स्प्रिंग, सगळं शोधून परत बसवा. विकणाऱ्याकडे काढलेले मूळ (स्टॉक) पार्ट मागितले होते का? नाही. ते त्याने आधीच वेगळे विकले असणार.

म्हणून यंदा गाडी विकायला काढलीय. गेल्या रविवारी एरंडोलहून एक पोरगा आला, तेवीस-चोवीसचा. मी त्याला फाइल दिली. वाकलेला व्हॉल्व्ह दाखवला, 1 लाख 71 हजारांचा स्क्रीनशॉट दाखवला, आरसीवरचा पांढरा रंग दाखवला. त्याने सगळं शांतपणे ऐकलं. नजर मात्र अलॉयवर.

'ते सगळं ठीक आहे भाऊ,' तो म्हणाला, 'एकदा स्टार्ट करून आवाज ऐकवा ना.'

मी त्याचा हात धरून बॉनेटवर टेकवला. गार होतं. मग किल्ली त्याच्याकडे दिली.