नेमलेला विरोधक की प्रीमॉर्टेम?

मोठा निर्णय पक्का करण्याआधी त्यातली खोट शोधायची, एवढं तुमच्या टीमचं ठरलं असेल तर पुढे साधारण दोन वाटा असतात. पहिली डेव्हिल्स ॲडव्होकेटची: एकाला मुद्दाम विरोधक नेमायचं आणि त्याने प्रस्तावाची चिरफाड करायची. दुसरी प्रीमॉर्टेमची: वर्ष उलटलंय, योजना सपशेल आपटलीय असं धरायचं आणि ती का आपटली ते प्रत्येकाने लिहायचं. ‘सगळ्यांनी मोकळेपणाने बोला’ ही वाट मी मोजतच नाही. साहेबांनी आधी मत दिलं की बाकीचे मम म्हणतात, हे कुठल्याही बैठकीत दिसतं.

मी उत्पादन नियोजनात काम करतो. आमच्याकडे दोन्ही करून झालंय: दोन वर्षं विरोधक, त्यानंतर आजपर्यंत प्रीमॉर्टेम.

विरोधकाची पद्धत टाकाऊ मुळीच नाही. १९७२ साली मानसशास्त्रज्ञ आयर्विंग जॅनिस यांनी ‘ग्रुपथिंक’ची मांडणी केली, म्हणजे एकोप्याच्या नादात गट डोळ्यांवर पट्टी कशी बांधून घेतो याची. त्यावर त्यांनी सुचवलेल्या उपायांत नेमलेला विरोधक होता. १९८६ मध्ये श्वायगर, सँडबर्ग आणि रेगन यांनी गटांची तुलना केली, तेव्हा सहमतीने चालणाऱ्या गटांपेक्षा विरोधक असलेल्या गटांच्या शिफारशी सरस ठरल्या. मात्र समाधानी राहिले ते सहमतीवाले, आणि पुन्हा एकत्र काम करायची इच्छाही त्यांनाच जास्त होती. हे दुसरं निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. बैठक संपल्यावर त्याच माणसांबरोबर डबा खायचा असतो.

आम्ही ही पद्धत सोडली ती एकाच गोष्टीने. गोदाम हलवायचं ठरत होतं. नवी जागा स्वस्त होती, ऐसपैस होती. त्या दिवशी विरोधकाची पाळी आमच्या डिस्पॅचच्या सहकाऱ्याची होती. त्याने भाड्याचे, विम्याचे नेहमीचे मुद्दे मांडले आणि शेवटी म्हणाला, “फाटकासमोरचं वळण अरुंद आहे. पावसाळ्यात तिथे चाळीस फुटी ट्रेलर वळणार नाही.” कोणीतरी हसून म्हणालं, “आज चांगला रंगलायस!” तोही हसला, आणि विषय पुढे गेला. जुलैत पहिला ट्रेलर त्याच वळणावर चिखलात रुतला. क्रेन येईपर्यंत मागे गाड्यांची रांग लागली होती. मी त्याला विचारलं, “तू तेव्हा जोर का लावला नाहीस?” तो म्हणाला, “मी मनापासूनच सांगत होतो. तुम्हाला वाटलं, पाळी आहे म्हणून बोलतोय.”

हे वाक्य माझ्या मनातून अजून गेलेलं नाही. नेमलेला विरोधक खरं बोलतोय की काम म्हणून बोलतोय, हे ऐकणाऱ्याला कळायला मार्गच नसतो. आणि गैरसोयीचा मुद्दा असला की माणूस ‘काम म्हणून बोलतोय’ असंच धरून चालतो. बर्कली विद्यापीठातल्या मानसशास्त्रज्ञ शार्लन नेमेथ यांनी २००१ मध्ये नेमकी हीच तुलना केली होती. मनापासून वेगळं मत असणारा गटात असला की बाकीचे अधिक आणि वेगळ्या दिशेने विचार करतात. तेवढं नेमलेल्या विरोधकाने साधत नाही. उलट लोक आपल्या मूळ मतालाच टेकू देत बसतात. मी ते वाचलं ट्रेलर रुतल्यानंतर. आधी वाचलं असतं तर बरं झालं असतं.

प्रीमॉर्टेमचा सगळीकडे बोलबाला झाला तो मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांच्या २००७ मधल्या लेखामुळे. त्याला आधार होता १९८९ मधल्या मिचेल, रूसो आणि पेनिंग्टन यांच्या संशोधनाचा: एखादी गोष्ट ‘घडू शकेल’ म्हणण्याऐवजी ‘घडलीच आहे’ असं धरलं की माणसाला कारणं जास्त सुचतात. अंतःप्रेरणेवर किती विसंबावं याबाबत क्लाइन आणि नोबेलविजेते मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन यांचे दृष्टिकोन अगदी वेगळे, पण ही युक्ती कानमन यांनाही मनापासून पसंत होती.

आमचा पहिला प्रयोग स्टोअर्समध्ये बारकोड आणायच्या वेळी झाला. सगळ्यांना कोरे अर्धे कागद वाटले, पाच मिनिटं दिली. बोलायचं नाही, नाव लिहायचं नाही. एका चिठ्ठीवर एवढंच होतं: ‘माल तेलकट. लेबल आठ दिवसांत निघाली.’ ही चिठ्ठी कोणाची ते आजही मला ठाऊक नाही, पण बैठकीत एरवी अवाक्षरही न काढणाऱ्यांपैकी कोणाची तरी असावी. त्याच दुपारी लेबल लावलेले चार पार्ट तेलाच्या ट्रेमध्ये ठेवून दिले. तीन दिवसांत दोन लेबलं सुटली. आम्ही पार्टवर लेबल लावायचा बेत सोडला आणि बिनला, म्हणजे पार्ट ठेवायच्या खोक्याला, तारेने अडकवायचे पत्र्याचे टॅग घेतले. इथे कोणी कोणाच्या विरोधात उभं राहिलं नाही. अपयश आधीच मान्य केलेलं असल्यामुळे कारण सांगणारा शहाणा ठरतो, आडमुठा ठरत नाही.

अडचणी इथेही आहेत. आपल्याकडे ‘शुभ बोल नाऱ्या’ हाडीमासी मुरलेलं आहे. वास्तू तथास्तु म्हणते, असं मानणारी माणसं प्रत्येक टीममध्ये असतात आणि त्यांना ‘आपलं काम बुडालंय, लिहा’ म्हटलं की पेन थबकतं. त्यांच्यावर जबरदस्ती करू नये. दोनदा इतरांचं पाहिलं की तेही लिहू लागतात. दुसरं म्हणजे गुळमुळीत चिठ्ठ्या. ‘समन्वय कमी पडला’ असं आलं की मी ती मोठ्याने वाचतो आणि विचारतो, कोणत्या दिवशी, कोणत्या दाराशी? आणि पैसे गुंतून गेल्यावर प्रीमॉर्टेम करण्यात काही हशील नाही. योजना जवळपास ठरली आहे पण ऑर्डर गेलेली नाही, ती वेळ गाठावी.

तुमची टीम तीन-चार जणांची असेल, एकमेकांना वर्षानुवर्षं ओळखणारी असेल आणि निर्णय संध्याकाळपर्यंत हवा असेल, तर विरोधक नेमणं सुटसुटीत पडेल. दोनच पर्यायांतून एक निवडायचा असेल तरीही. फक्त ज्याचा खरोखर विरोध आहे त्यालाच ती पाळी द्या आणि तसं सगळ्यांसमोर सांगा. पण टीममध्ये साहेब आणि हाताखालची माणसं एकाच टेबलाशी बसत असतील, तर माझ्या अनुभवापुरतं सांगतो, चिठ्ठ्या वाटा. साहेबांचीही चिठ्ठी त्याच ढिगात जाऊ द्या, आणि ढीग त्यांच्याकडे वाचायला देऊ नका.