घरात अडकल्यावर मनासाठी काय निवडाल? ऊन, लिहिणं, हातकाम, फोन: एक तुलना

नाशिकहून मामेबहिणीचा फोन आला. सातवा महिना लागलाय आणि डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत घरातच विश्रांती सांगितली आहे. जिना उतरायचा नाही, वाकायचं नाही, जास्त वेळ उभं राहायचं नाही. "ताई, सगळे म्हणतात मन रमव. कशात रमवू ते मात्र कुणी सांगत नाही," म्हणाली आणि गप्प झाली. तिची ती शांतता मला ओळखीची वाटली.

घरात अडकण्याचे दोन मोठे अनुभव माझ्या गाठीशी आहेत. पहिला 2020 च्या लॉकडाऊनचा. 25 मार्चला 21 दिवसांसाठी म्हणून सुरू झाला आणि लांबत गेला. डोंबिवलीच्या दोन खोल्यांत आम्ही चार माणसं होतो. दुसरा त्यानंतर तीन वर्षांनी, घोटा मोडल्यावर प्लास्टरमध्ये काढलेल्या सहा आठवड्यांचा. दोन्ही वेळा बरंच काही करून पाहिलं. काही टिकलं, काही चार दिवसांत सुटलं, एकाने तर त्रास वाढवला. बहिणीला तुकड्यातुकड्यानं सांगितलं ते इथे एकमेकांशेजारी ठेवते आहे.

निवडण्याआधी स्वतःला दोन गोष्टी विचारा. एक, मनाला नेमकं काय होतंय? जीव घाबरा होतो, पाय थाऱ्यावर राहत नाहीत, ही झाली बेचैनी. अंथरुणातून उठावंसं वाटत नाही, आंघोळसुद्धा डोंगराएवढी वाटते, हा जडपणा. आणि घरात माणसं असूनही आपलं कुणी नाही असं वाटतं, तो एकटेपणा. तिन्ही एका माणसात असू शकतात, पण एक जास्त छळतो. दोन, दिवसातली वाईट वेळ कोणती? लॉकडाऊनमध्ये माझी रात्री साडेअकराची होती, प्लास्टरमध्ये दुपारी चारची. सगळी कामावर, उन्हं भिंतीवरून सरकतायत आणि चहा करायलाही उठता येत नाही, अशी ती वेळ. जी गोष्ट निवडाल ती या वेळेला हाताशी असायला हवी. सकाळी उत्साहात सुरू केलेल्या छंदाचा त्या घटकेला काही उपयोग होत नाही.

आणखी एक पायाभूत गोष्ट. मन लागत नाही म्हणून आपण काही करत नाही, आणि करत नाही म्हणून मन आणखी लागेनासं होतं. मानसोपचारात या चक्राला कृतीच्या बाजूनं तोडण्याची पद्धत आहे, बिहेवियरल ॲक्टिव्हेशन. अमेरिकेत पीटर ल्युइन्सन यांनी 1970 च्या दशकात त्यावर बरंच काम केलं. मूड येण्याची वाट न बघता ठरलेल्या वेळी ठरलेली छोटी कृती करायची, हा तिचा गाभा. म्हणून पुढच्या प्रत्येक पर्यायाला मी पहिला प्रश्न विचारते तो हा: मन अगदी खाली असताना ही गोष्ट सुरू करायला किती ताकद लागते?

ऊन आणि हालचाल, की डोळे मिटून बसणं?

मनासाठी म्हटलं की लोक आधी ध्यान सुचवतात. माझा कल दुसरीकडे आहे. बेचैन माणसाला एकदम डोळे मिटून बसवलं तर बाहेरचं सगळं बंद होतं आणि आतलं जोरात ऐकू यायला लागतं. लॉकडाऊनच्या पहिल्या आठवड्यात मी रोज वीस मिनिटं बसायचा नेम धरला आणि चौथ्या दिवशी छातीत धडधडून उठले. इगतपुरीला विपश्यनेच्या दहा दिवसांच्या शिबिरात शिकवायला आचार्य असतात, अडलं तर विचारता येतं. घरी एकट्यानं, तेही वाईट काळात नव्यानं सुरू करणं ही वेगळी गोष्ट आहे. ज्यांची आधीपासून सवय आहे त्यांनी जरूर चालू ठेवावं. नवख्यांनी एवढंच करावं: डोळे उघडे ठेवून, सावकाश श्वास, आत घ्यायला लागतो त्याहून जास्त वेळ बाहेर सोडायला. पाच मिनिटं पुरे.

सकाळच्या उजेडाचं तसं नाही. घरात दिव्याखाली उजेड साधारण 100 ते 300 लक्स (उजेड मोजायचं एकक) भरतो. बाहेर ढगाळ दिवशीही काही हजार, आणि भर उन्हात लाखाच्या घरात. आपलं झोपेचं घड्याळ या उजेडावर लागतं. दिवसभर पडदे ओढलेल्या खोलीत राहिलं की ते घड्याळ सैल पडतं, रात्री झोप येत नाही, सकाळी उठवत नाही, आणि जडपणा तिथूनच वाढायला लागतो. खिडकीपासून दोन-चार पावलं आत आलं तरी उजेड झपाट्यानं उतरतो, म्हणून खुर्ची अगदी खिडकीला किंवा गॅलरीच्या दाराला लावायची. सकाळचा चहा तिथेच. याला ताकद जवळजवळ लागत नाही, पैसे लागत नाहीत, आणि चालता न येणाऱ्यालाही जमतं.

ज्यांना हालचालीची मुभा आहे त्यांनी बैठकीच्या खोलीतून स्वयंपाकघरात येरझारा घालाव्यात, नाहीतर सूर्यनमस्कार. नमस्काराचा फायदा असा की सतरंजीएवढ्या जागेत होतात आणि मोजता येतात. सहा घातले तरी सहा झाले म्हणून मन नोंद घेतं. बेचैनीवर याच्याइतकं लवकर काहीच लागू पडत नाही. जडपणात मात्र नमस्कार सुरू करणंच अवघड जातं. तेव्हा फक्त ऊन.

लिहिणं, की हातकाम?

खरी अडचण इथे होते, कारण दोन्ही चांगली आहेत आणि दोन्हींचा स्वभाव उलटा आहे.

लिहिण्याबद्दल आधी सांगते. जेम्स पेनेबेकर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं 1980 च्या दशकात विद्यार्थ्यांवर प्रयोग केले. सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटं, आपल्याला लागलेल्या प्रसंगाबद्दल मनातलं सगळं लिहायचं. लिहून झाल्या झाल्या मुलांना आधीपेक्षा वाईट वाटत होतं. चांगला परिणाम दिसला तो पुढच्या काही महिन्यांत, त्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या कमी झाल्या तेव्हा. हा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. लिहिणं वाईट घटकेला लगेच आराम देईल अशी अपेक्षा ठेवू नका. शिवाय त्या प्रयोगाला शेवट होता. चार दिवस, मग बंद.

मी प्लास्टरमध्ये असताना हेच चुकवलं. रोज दुपारी वही उघडून मी तेच तेच उगाळत बसले. त्या दिवशी रिक्षाच केली असती तर, फरशी ओली आहे हे दिसलं असतं तर. दहा दिवसांनी मागची पानं चाळली तर वाक्यं जवळपास तीच. हे मोकळं होणं नव्हतं. एकच जखम रोज खाजवल्यासारखं झालं होतं. वर म्हटलं ना, एकाने त्रास वाढवला, तो हाच.

लिहिण्याचा सौम्य प्रकार मात्र मला मानवला. रात्री तीन ओळी, आज काय झालं एवढंच. "शेजारच्या काकूंनी अळूची भाजी दिली. दूधवाला उशिरा आला. कावळ्यानं गॅलरीत काडी टाकली." घरात अडकल्यावर सगळे दिवस एकमेकांत मिसळतात, मंगळवार कुठला आणि गुरुवार कुठला कळत नाही. अशा तीन ओळींनी दिवसाला कड येते. ज्यांना लेखनाची आवड आहे, ज्यांच्या मनात एखादी विशिष्ट घटना अडकून बसली आहे, आणि जे ठरल्या दिवशी वही मिटू शकतात, त्यांनी पहिला प्रकार निवडावा. बाकीच्यांनी तीन ओळी.

आता हातकाम. यात मी विणकाम, शिवण, गोधडी तर धरतेच, पण स्वयंपाकघरातलं निवडणं, सोलणं, टिपणंही धरते. माझा कौल उघडपणे याच बाजूला आहे, आणि तो पडला वालांमुळे.

चारची वेळ असह्य व्हायला लागली तेव्हा आई आमच्याकडे राहायला आली होती. तिनं एक दिवस काही न बोलता मोड आलेल्या वालांचं पातेलं माझ्या मांडीशी आणून ठेवलं. कोमट पाण्यात टाकलेले वाल, शेजारी रिकामी ताटली, सालांसाठी वाटी. वाल चिमटीत धरायचा, मोडाच्या उलट्या बाजूनं अंगठा दाबायचा, की डाळिंबी सुळकन बाहेर येते आणि साल बोटात राहते. जोर जास्त झाला तर दोन फाकी होतात, म्हणून लक्ष द्यावंच लागतं. पण इतकंही नाही की दमायला होईल. पाणी थंड झालं की साल चिवट होते, मग आई वरून गरम पाणी ओतायची. अर्धा किलोला तासभर लागला. ताटलीत हिरवट पिवळा ढीग झाला आणि माझ्या लक्षात आलं, पाच वाजून गेलेत. रात्री बिरडं झालं, सगळ्यांनी खाल्लं. सहा आठवडे घरच्यांकडून पाणीसुद्धा मागून घेणाऱ्या माणसाला, आपल्या हातचं काहीतरी ताटात पडलं याचं काय वाटतं, ते अडकलेल्यालाच कळेल.

हातकामाला सुरुवातीची ताकद कमी लागते, कारण विचार करावा लागत नाही; कुणीतरी समोर आणून ठेवलं तर आणखी कमी. परिणाम त्याच तासात दिसतो. शेवटी हातात काहीतरी उरतं. गप्पा मारत करता येतं, गप्पही करता येतं. मर्यादा अशी की मनातल्या मूळ प्रश्नाला ते हात घालत नाही. नोकरी गेली असेल, घरात भांडण पेटलेलं असेल, तर वाल सोलून ते मिटणार नाही. फक्त ती वेळ निभावून नेता येते. माझ्या मते वाईट घटकेला तेवढं पुरेसं मोठं काम आहे. विणकाम नवीन शिकायचं असेल तर मात्र पहिला आठवडा उसवण्यातच जातो, त्यानं चिडचिड वाढू शकते. म्हणून आधी येत असलेलं, लहानपणी केलेलं काहीतरी घ्यावं. साधा धावदोरा बहुतेकांच्या हातात असतो.

पुरुषांनी हा भाग सोडून पुढे जाऊ नये. लॉकडाऊनमध्ये आमच्या मजल्यावरच्या एका निवृत्त काकांनी घरातले बिघडलेले टेबलफॅन खोलून, पुसून, तेल घालून चालू केले, मग शेजाऱ्यांचेही आणून घेतले. तेही हातकामच.

फोन, की मेसेज?

एकटेपणासाठी हाच भाग खरा. व्हॉट्सॲपच्या ग्रुपमध्ये दिवसभर असूनही माणूस एकटा राहतो. सुप्रभात आलं, अंगठा गेला, संपलं. आवाजात थांबणं असतं, हसू असतं, मागे कुकरची शिट्टी असते. अडचण इतकीच की एकट्या माणसाला फोन उचलून "मला बोलायचंय" म्हणणं जड जातं. समोरचा कामात असेल, काय बोलायचं, असं वाटत राहतं.

त्यावर उपाय म्हणजे फोनला काम जोडणं. मी आणि बाबा (ते तेव्हा गावी होते) सकाळी नऊला वर्तमानपत्रातलं शब्दकोडं फोनवर सोडवायचो. ते आडवे शब्द वाचायचे, मी उभे. प्रकृतीची चौकशी आपोआप व्हायची, मुद्दाम करावी लागायची नाही. कुणाला पाककृती विचारायची, कुणाला नातवाला रोज एक गोष्ट सांगायची, असं काहीही चालेल. वेळ ठरलेली हवी, म्हणजे रोज नव्यानं धीर गोळा करावा लागत नाही.

कुंडीतल्या झाडांबद्दल थोडक्यात. जडपणात, उद्याची काहीच ओढ नसताना, हे चांगलं. मेथीदाणे भिजवून पसरट कुंडीत पेरले की दोन-चार दिवसांत फुटतात. गुलाब, मोगऱ्याच्या नादी या काळात लागू नये; रोप वाळलं तर उगाच मनाला लागतं.

टीव्ही आणि मोबाइल करमणूक म्हणून वाईट नाहीत, पण बातम्यांना वेळ बांधून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेनंही 2020 च्या मार्चमध्ये बातम्या दिवसातून एक-दोनदाच, ठरावीक वेळी बघा असं सांगितलं होतं. आमच्याकडे रात्री नऊनंतर बातम्या बंद केल्या, त्यानंतर माझी साडेअकराची वेळ बरीच सौम्य झाली.

मग काय निवडायचं?

बेचैनी जास्त असेल तर हालचाल आणि हातकाम. ध्यान आणि मोकळं लिहिणं सध्या नको. जडपणा असेल तर सकाळचं ऊन आणि मेथीची कुंडी, एवढंच. आठवड्यानं तिसरं काही जोडा. एकटेपणा असेल तर ठरल्या वेळेचा, कामाचा फोन आधी, बाकी सगळं नंतर. एका वेळी दोनच गोष्टी धरा. लॉकडाऊनमध्ये मी फ्रिजवर तासातासाचं वेळापत्रक लावलं होतं. ते मोडलं की मोडल्याचंच दुःख व्हायचं.

यातलं काहीही करून दोन आठवडे झाले तरी मन वर येत नसेल, झोप किंवा भूक गेली असेल, तर छंद बदलत बसू नका, डॉक्टरांना सांगा. आणि जगण्याचाच कंटाळा आल्याचे विचार मनात येत असतील तर दोन आठवडेही थांबू नका. सरकारची टेलिमानस ही मनाच्या त्रासासाठीची मोफत फोनसेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक 14416. चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर तर हे मनात ठेवून मुळीच राहू नये, हे मी बहिणीला दोनदा बजावलं.

तिची वाईट वेळ सकाळी अकराची निघाली, नवरा कामावर गेल्यानंतरची. काळजीनं जीव घाबरा होतो म्हणाली, म्हणून वही आम्ही बाजूला ठेवली. खुर्ची पूर्वेच्या खिडकीशी लावून घेतली आहे. दुपटी शिवावीत असं तिच्या मनात होतं, पण बाळ येण्याआधी बाळाचं काही शिवू नये असं तिच्या सासूबाईंचं म्हणणं. तेव्हा आजीच्या जुन्या नऊवारीची गोधडी घ्यायचं ठरलं, स्वतःसाठी. थर सासूबाईंनी घालून, कच्चे टाके मारून दिले. आता अकराला ती फोन स्पीकरवर ठेवते, मी माझी भाजी निवडते आणि ती धावदोरा घालते. काल म्हणाली, एक कड पूर्ण झाली.